पावण्यांचं शास्त्र

हातकणंगले,
१८ जून २०२४

प्रिय प्रसेनजीत,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन सोडून कागद घेतला याला कारण तुझी भाची. घरातला फोन मनालीच्या मांडीवर असतो आणि कायम स्पीकरवर असतो. तिला चालता येत नाही, जीभ जड आहे, म्हणून लोक तिच्यासमोर काहीही बोलतात. पण सात वर्षांच्या पोरीचे कान सत्तर वर्षांच्या बाईचे आहेत. मागच्या आठवड्यात 'स्टेम सेल' ऐकून तू जो सुस्कारा टाकलास, तो ऐकून तिने मला विचारलं, "मामा का दमला?" त्यामुळे हे शाळेच्या ऑफिसात बसून लिहितेय. उत्तरही शाळेच्या पत्त्यावरच दे.

ठरलं आहे, एवढंच कळवते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला डोस. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी पाठीच्या कण्यातून आत सोडायच्या. असे तीन डोस, पाच-पाच महिन्यांनी. दवाखाना आम्ही मार्चमध्ये बघून आलो. मोठा आहे, भिंतीवर पेशींचे रंगीत फोटो आहेत. तिथले डॉक्टर माझ्याशी बोलण्याआधी मनालीशी बोलले. मी तिथेच निम्मी विरघळले.

आबांना समजवावं लागलं नाही. सासरे असून या बाबतीत ते माझ्याही पुढे आहेत. जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला, त्यामुळे इंजिन उघडून दाखवल्याशिवाय त्यांना काही पटत नाही, आणि इथे तर चक्क हाड उघडून पेशी काढतात. परवा शेजारच्या शालूबाई दूध घालायला आल्या आणि म्हणाल्या, "जोतिबाला बोलून टाका की एकदा. पोरगी पायावर हुबी ऱ्हायली की गुलाल-खोबरं. तुमास्नी जमत नसलं तर मी जाते तुमच्या वतीनं." आबा खुर्चीतूनच म्हणाले, "शालूबाई, आमी छप्पन सालीच सगळं नवस मिटवून मोकळं झालोय. आमची पोरगी शास्त्रानं हुबी ऱ्हानार." शालूबाई हसल्या आणि मनालीसाठी अर्धं माप जादा घालून गेल्या.

तू पेशींच्याच लॅबमध्ये आहेस. दवाखान्याने दिलेल्या फाइलीतल्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. त्या वाचून पेशी चांगल्या प्रतीच्या असतात का, तेवढं सांग. बाकीचं विचारलेलं नाही.

तुझी,
ताई

ता. क. सरकारी दवाखान्यातल्या व्यायामाच्या वर्षाराणी मॅडमनी मे महिन्यात खुब्याचा एक्स-रे काढायला लावला होता. थोडं काहीतरी आहे म्हणे. डोस झाल्यावर बघू.


हैदराबाद,
२९ जून २०२४

ताई,
जय भीम.

पानं दोनदा वाचली. पेशी चांगल्या प्रतीच्या असतात का, याचं उत्तर असं की पेशी मनालीच्याच असणार आहेत, तेव्हा त्या चांगल्याच असतील.

आता तू न विचारलेलं. आमच्या लॅबमध्ये या पेशी रक्ताच्या आजारांसाठी तयार करतात. तिथे त्या खरोखर काम करतात, कारण रक्त तयार करणं हाच त्यांचा धंदा आहे. त्या मेंदूत जाऊन मेंदू होतात, याला पुरावा नाही. जन्मताना मनालीच्या मेंदूच्या एका भागाला प्राणवायू कमी पडला. ती जागा म्हणजे रस्त्यातला खड्डा नव्हे, की मुरूम टाकला आणि बुजवला. जगात ठिकठिकाणी अभ्यास चालू आहेत. कुणाला थोडा फरक दिसतो, कुणाला दिसत नाही, आणि दिसलेला किती टिकतो हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. आपल्याकडे सेरेब्रल पाल्सीसाठी हे फक्त संशोधन म्हणून करायला परवानगी आहे, आणि संशोधनात पेशंटकडून पैसे घेत नाहीत. तुमच्या फाइलीत सातव्या पानावर बारीक अक्षरात 'परिणामांची हमी नाही' असं लिहिलंय. त्याच्या वर मोठ्या चित्रात एक मूल सायकल चालवतंय.

आबांना सांग, नवस छप्पन साली सुटला नाही, त्याचा फक्त पत्ता बदलला. तिथे निदान शालूबाईंचं नारळावर भागत होतं.

खुब्याचं काय ते नीट लिही. 'थोडं काहीतरी' हे निदान नव्हे. मी इथल्या एका हाडांच्या डॉक्टरना विचारलं. ते म्हणाले, या मुलांचा खुब्याचा गोळा वाटीतून हळूहळू बाहेर सरकतो. किती सरकला ते टक्क्यांत मोजतात, आणि वेळेत ऑपरेशन केलं तर तो परत बसवता येतो. वेळ गेली की जन्मभराचं दुखणं, मग धड बसताही येत नाही. एक्स-रेच्या कागदावर आकडा असेल. तो कळव.

प्रसेनजीत


हातकणंगले,
१४ जुलै २०२४

प्रसेन,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि डबा तसाच घरी परत नेला.

पत्ता बदलला म्हणतोस. नवा पत्ता कुणी दिला, आठवतंय? चौदा एप्रिल दोन हजार बावीस. विहाराच्या पटांगणात जयंतीचा मांडव, समोर चारशे माणसं. आबा कमिटीचे अध्यक्ष. सुनेचा भाऊ शास्त्रज्ञ आहे म्हणून त्यांनी मोठ्या हौसेने तुला व्याख्यानाला बोलावलं. चांगलं बोललास, लोकांना कळेल असं बोललास. आणि शेवटी खाली उतरून माझ्या मांडीवरची मनाली उचललीस, तिला कडेवर घेऊन स्टेजवर गेलास. पुढचं आबांच्या मोबाइलमध्ये आहे. मी ऐकून शब्दाला शब्द उतरवून काढलंय:

"मित्रहो, डॉक्टर म्हणतात माझी ही भाची चालणार नाही. मी सांगतो, मूलपेशी येत आहेत. पाच वर्षांत ही पोरगी याच पटांगणात चालेल. कुणाच्या कृपेने नव्हे, विज्ञानाच्या जोरावर!"

टाळ्या किती वेळ वाजल्या ते तूही ऐकलंस. मनाली घाबरून तुझी कॉलर धरून बसली होती.

घरात कुणी अंगारा-धुपारा सुचवला की आबा फोन काढतात. "आमचं पावणं काय म्हनल्यात ते ऐका आदी," म्हणतात, आणि समोरचा विषय बदलतो. हा दवाखानाही त्यांनीच शोधला. जाहिरातीत 'मूलपेशी' शब्द बघितला आणि कागद घेऊन माझ्याकडे आले, "हे बघ, पावण्यांनी सांगितल्यालं आलंय." तू या घरात आता नुसता माणूस नाहीस, तू शास्त्र आहेस. दोन वर्षं मी त्या वाक्यावर काढली. सकाळी पोरीचे ताठरलेले पाय सोडवताना तेच वाक्य मनात म्हणत होते. आणि आज तू मला नारळाचा हिशेब सांगतोस.

आम्ही जाणार आहोत. खुब्याचा आकडा माझ्या लक्षात नाही.

ताई


हैदराबाद,
२५ जुलै २०२४

ताई,

भाषण आठवत होतं, ते वाक्य आठवत नव्हतं. आता आठवलं.

स्टेजवर माणूस थोडं वाढवून बोलतो. ऐकणाऱ्यांनाही ते माहीत असतं, अशी माझी समजूत होती. आबांना फोन करावा म्हणून दोनदा नंबर काढला. इथे सध्या ऑडिट चालू आहे, निवांत बोलायला वेळ मिळत नाही.

निर्णय तुमचा. तिला पाठीतून सुई दिल्यावर दोन दिवस आडवीच ठेवा, डोकं दुखेल. आणि निघण्याआधी एक्स-रेचा कागद कपाटातून काढून त्यावरचा आकडा वाच. तो लक्षात ठेवायची गरज नाही.

प्रसेनजीत


हातकणंगले,
९ सप्टेंबर २०२४

प्रिय प्रसेन,
जय भीम.

डोस झाला. तीन दिवस ताप आणि डोकेदुखी, तू म्हणालास तशी. चौथ्या दिवशी उठून बसली आणि भजी मागितली.

आता ऐक. तिची डावी मूठ, जी जन्मापासून मिटलेली, ती उघडायला लागली आहे. चमचा धरते. भात निम्मा सांडतो, पण निम्मा तोंडात जातो. आधार न देता पाच मिनिटं बसते, आधी एक मिनिटही बसत नव्हती. मी घड्याळ लावून बघितलंय, म्हणजे तुझ्या पद्धतीने. आबांनी सगळ्या आळीला बोलावून चमचा दाखवला. शालूबाईंनी तोंडात बोट घातलं. आदर्श तर तुला माहीत आहे, वर्षभरात चार वाक्यं बोलणारा नवरा माझा. तो शिरोलीच्या फौंड्रीतून रात्रपाळी करून आला आणि न झोपता तिच्यासमोर बसून राहिला, चमचा बघत.

दवाखान्यात दहा दिवस होतो. तिथे रोज सकाळी दीड तास आणि दुपारी दीड तास व्यायाम, हाताचा वेगळा, बसण्याचा वेगळा. ते म्हणतात, पेशी आत गेल्यावर त्यांना काम द्यावं लागतं. निघताना तिचा व्हिडिओ काढला. मागे आमचे सगळ्यांचे चेहरे, पुढे ती. "कसं वाटतंय, बाळ?" विचारल्यावर ती म्हणाली, "भूक लागली." सगळे हसले. मग त्यांनी परत विचारून "बरं वाटतंय" वदवून घेतलं, जरा हसून.

तुझ्या आकडेवारीत आमची पोरगी बसत नाही, त्याला माझा इलाज नाही. दुसरा डोस जानेवारीत.

तुझी,
ताई


हैदराबाद,
२० सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

चमच्याचं वाचून आनंद झाला. हे मी उपरोधाने लिहीत नाही. पत्र खिशात घेऊन फिरलो आणि कँटीनमध्ये एकाला वाचून दाखवलं, हिंदीत भाषांतर करून.

एकच विचारतो. दिवसाला तीन तास व्यायाम तिला याआधी कधी मिळाला होता का? मला आठवतं, वर्षाराणी मॅडमकडे तू आठवड्यातून एकदा नेत होतीस, तेही शाळेत रजा मिळाली तर. तेव्हा मूठ पेशींनी उघडली की तीन तासांनी, हे तुला सांगता येणार नाही आणि मलाही नाही. पण तीन तास घरी देता येतात आणि त्याला सुई लागत नाही. ते सोडू नका, एवढं माझं ऐक.

आकडा अजून आलेला नाही.

प्रसेनजीत


हातकणंगले,
३ डिसेंबर २०२४

प्रसेन,

आकडा बावन्न.

मे महिन्यात छत्तीस होता. तो मला माहीत होता. तुला 'लक्षात नाही' लिहिलं तेव्हा कागद माझ्या पर्समध्ये होता. वर्षाराणी मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं, की हाडांच्या सर्जनना दाखवा, हे वाढतं. मी घरी कुणाला बोलले नाही. दोन ऑपरेशनं एका वेळी कोण करेल, आणि हाडाचं ऑपरेशन म्हटल्यावर डोस पुढे जाईल, अशी भीती वाटली. आधी ती उभी तर राहू दे, मग खुब्याचं बघू, असं मनात धरलं. उभं राहायला खुबा लागतो, हे मला कळत नव्हतं असं नाही.

परवा मॅडमनी नवा एक्स-रे काढला आणि मला बाहेर बोलावून झाडलं. "ताई, तुम्ही ऑफिसात नोकरी करता, अडाणी न्हाई. सहा महिने काय करत हुता?" सर्जननी एकवीस जानेवारी तारीख दिली आहे. योजनेत बसतं, खर्चाचा प्रश्न नाही. ही तारीख गेली तर पुढची जूनमध्ये, आणि जूनपर्यंत गोळा वाटीत बसवण्याजोगा राहील याची ते खात्री देत नाहीत.

आणि अठरा जानेवारीला दुसरा डोस आहे.

मी घरी सगळं सांगितलं. आबा शांतपणे म्हणाले, "मग डोस घेऊया की आदी. पेशी हाडबी करतीत. पावणंच म्हनलं हुतं, पेशीचं काय बी हुतंय." तू म्हणाला होतास खरं, त्याच भाषणात, सुरुवातीला. आदर्श माझ्याकडे बघतो, आबांकडे बघतो आणि पाणी प्यायला उठतो. वडिलांच्या शब्दाबाहेर तो सही करणार नाही. वर्षाराणी मॅडमनी आबांना फोनवर समजावलं, तर त्यांनाही आबांनी तुझं रेकॉर्डिंग ऐकवलं.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. तू ये आणि आबांना सांग. माझं ते ऐकणार नाहीत, कारण तुझं ऐकून बसलेत.

ताई


हैदराबाद,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

तू कबूल केलंस, आता मीही करतो.

त्या एप्रिलमध्ये मला लॅबमध्ये लागून चार महिने झाले होते. माझं काम बाटल्या धुणं, निर्जंतुक करणं आणि फ्रीजरचं तापमान वहीत लिहिणं, एवढंच होतं. आबांनी पत्रिकेवर 'शास्त्रज्ञ' छापलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. 'पाच वर्षं' हा आकडा मी कुठेच वाचलेला नव्हता. बोलता बोलता टाळ्या वाढत गेल्या, मनाली समोर दिसली आणि मी तिला उचललं. ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मला माहीत होतं की हे खोटं आहे. विसरलो होतो असं तुला लिहिलं. विसरलो नव्हतो.

मला यायला जमेल असं वाटत नाही. रजेचा प्रश्न नाही. मला त्या माणसांसमोर उभं राहायची लाज वाटते. आबांसाठी वेगळं पत्र सोबत आहे. ते त्यांना दे.

प्रसेनजीत

(सोबत)

आदरणीय आबांस,
सविनय जय भीम.

जयंतीच्या व्याख्यानात मी मनालीबद्दल जे बोललो त्याला शास्त्रीय आधार नव्हता. मूलपेशींनी तिचा खुबा बसणार नाही. ऑपरेशनची तारीख चुकवू नये, ही हात जोडून विनंती. माझ्या बोलण्याने आपली दिशाभूल झाली, त्याबद्दल क्षमा असावी.

आपला,
प्रसेनजीत


हातकणंगले,
२० डिसेंबर २०२४

पावणं प्रसेनजीत यांस,
आबांचा जय भीम.

तुमचं पत्र पोचलं. दोन वेळा वाचलं. एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा पुसून. मी रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण रागावलोय, मग खोटं कशाला लिहू.

वर्कशॉपात असताना एकदा मी एका ड्रायव्हरला म्हटलं, ब्रेक ठीक हाय, काढ गाडी. गाडी गेटाच्या बाहेर गेली आणि मला शंका आली. तर मी घरी बसून त्याला पत्र लिहिलं नाही. सायकल काढली आणि पार अतिग्रेपर्यंत गाडीच्या मागं गेलो. गाडीत पन्नास माणसं होती, त्यांच्यादेखत खाली वाकून ब्रेक तपासला. ब्रेक ठीकच निघाला, सगळी हसली, तो भाग वेगळा.

तुम्ही चारशे माणसांसमोर बोललासा आणि मागं घेताय पाकिटातनं. आमच्या विहारात तसं चालत नाही. सभेत उभं राहून बोललेलं सभेतच उभं राहून मागं घ्यायचं, ही रीत हाय आणि ती मी स्वतः पाळून घेतो. गेल्या वर्षी आळीतल्या बाळासोनं एकाच्या पोरीबद्दल भर मीटिंगमध्ये वाईट शब्द काढला, तेव्हा त्याला मीच वंदनेला उभा करून शब्द मागं घ्यायला लावला होता. पावण्यांना वेगळा नियम लावला तर उद्या बाळासो मला काय म्हणंल?

आणि दुसरं. दोन्ही बोलणी तुमचीच, तर मी खरं कुठलं धरू? पहिल्या वेळी तुमचं तोंड मी बघितलं होतं. आता पण तोंड बघूनच ठरवणार.

दर रविवारी सकाळी नऊला वंदना असते. येऊन सांगा. तुम्ही सांगितलं की पोरीला ऑपरेशनला मी स्वतः घेऊन जाईन. नाही आलासा तर पहिलं बोलणं कायम. अठरा तारखेची गाडी सांगून ठेवली हाय.

आबा


हैदराबाद,
२८ डिसेंबर २०२४

ताई,

पाच जानेवारीला, रविवारी, सकाळी पोचतो. परतीचं तिकीट त्याच दिवशीचं काढलंय. जेवायला थांबणार नाही. आग्रह करू नकोस.

प्रसेनजीत


कोल्हापूर, सरकारी दवाखाना,
२४ जानेवारी २०२५

प्रिय प्रसेन,
जय भीम.

हे वॉर्डात बसून लिहितेय. ऑपरेशन एकवीस तारखेलाच झालं, साडेतीन तास लागले. सर्जन म्हणाले, गोळा वाटीत बसलाय, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टर आहे, सहा आठवडे राहील. पहिले दोन दिवस तिने वॉर्ड डोक्यावर घेतला. आता सिस्टरांना ऑर्डरी सोडते. आबांनी कबूल केल्याप्रमाणे स्वतः आणलं आणि थिएटरच्या दारापर्यंत ट्रॉलीला हात लावून चालले. सहीसुद्धा त्यांनी आदर्शला शेजारी उभं राहून करायला लावली. दवाखान्याला डोस रद्द केल्याचं कळवलं. त्यांचा दोनदा फोन आला, तिसऱ्यांदा आबांनी घेतला, त्यानंतर आला नाही.

घरी व्यायाम रोज दोन तास करून घ्यायचा असं ठरलंय, एक तास माझा, एक आबांचा. चमचा तिने सोडलेला नाही, प्लॅस्टरमध्ये आडवी पडूनही हातात धरते.

त्या रविवारचं मात्र तुला सांगायला हवं. तू खिशातून कागद काढलास आणि तो न उघडताच बोललास, ते बरं केलंस. "हे खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं, टाळ्या हव्या होत्या म्हणून बोललो," हे म्हणताना तुझा आवाज फुटला. मला तुझा राग आला होता, तो तिथे संपला. आबांनी विचारलं, "म्हंजे ती चालणार न्हाय?" आणि तू म्हणालास, "बहुतेक नाही, आबा." साठ-सत्तर माणसं ऐकत होती. मग तू आबांना वाकून जय भीम केलास आणि चपला घालून सरळ स्टेशनकडे निघालास. तुझ्या गाडीला अजून दोन तास होते, हे मला माहीत होतं. मी अडवलं नाही.

तू गेलास तेव्हा मी मनालीला मांडीवर घेऊन बायकांच्या ओळीत बसले होते. सगळं तिच्यासमोर बोललं गेलं, आता रडेल, ही माझी भीती. तिला घेऊन बाहेर जावं म्हणून उठायला लागले, तर तिने उघडलेल्या मुठीने माझा पदर धरला आणि आबांना हाक मारली. तिला एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो, तुला माहीत आहे. सगळे थांबले.

"आबा, मग आता दुखतंय म्हणून सांगू?"

आबा माइक खाली ठेवून तिच्याजवळ आले आणि जमिनीवर बसले. "काय दुखतंय, बाळा?"

तिने डाव्या खुब्यावर हात ठेवला. कपडे बदलताना ती रोज ओठ चावायची, आणि अंग ताठरलं असेल म्हणून मी तिलाच दटावत होते.

"कवापास्नं?"

"उन्हाळ्यापास्नं."

"मग इतकं दिवस बोलली का न्हाईस गं?"

"तुमी सगळी लई खुशीत हुतासा."

तुझी,
ताई